दोन पाख्यांची खोली

पाय धुवायला मी रांजणातून तांब्या भरून घेतला, तशा वहिनी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. मला वाटलं, पाणी गरम करून देऊ का म्हणून विचारतील. त्या म्हणाल्या, "ताई, तिथं नका. इकडं शेवग्यापाशी उभ्या राहा."

अंगणाच्या कडेला गुडघ्याएवढं शेवग्याचं रोप होतं. भोवती दगडांचं आळं केलेलं. मी त्या आळ्यात एकेक पाय धुतला. दिवसभराच्या वाटेची तांबूस माती पाण्याबरोबर बुडाशी साचली आणि बघता बघता जिरली. वहिनींनी अंगठ्यानं आळ्याचा एक हललेला दगड सरळ केला आणि आत जाऊन पुन्हा भाकरी थापायला बसल्या. त्या रागावल्या नव्हत्या की काही समजावतही नव्हत्या. पुढचे दोन दिवस मात्र मी त्या माथ्यावर तोंड धुतलं, चूळ भरली, ताट विसळलं, ते सगळं त्या शेवग्याच्या बुडाशी.

ही खोली कन्नड तालुक्याच्या उत्तर टोकाला आहे. अजिंठ्याची डोंगररांग जिथं खानदेशावर एकदम तुटते, तिथं कड्यापासून दीडदोनशे पावलांवर. परभणीहून रेल्वेनं संभाजीनगर, तिथून वेरूळवरून एसटीनं कन्नड, मग नागापूरच्या बाजूला जाणारी काळी-पिवळी, आणि शेवटचा तास-सव्वा तास पायी. बरोबर भाचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला. ही जागा त्यानंच शोधून काढली होती. तो तिला कॅम्पसाइट म्हणत होता. खाली तांड्यावरचे लोक 'माथ्यावरची खोली' म्हणतात. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान आणि खोलीचे मालक, नुसतं 'वर' म्हणतात. "तुम्ही वर कधी येणार?" एवढंच त्यांनी फोनवर विचारलं होतं.

काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या चार भिंती. वर दोन्हीकडं उतरतं पत्र्याचं छप्पर, पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. आत शेणानं सारवलेली जमीन. मधोमध तुराट्यांचा कूड, त्याला मातीचा लेप. कुडाच्या अलीकडं माणसं, पलीकडं अकरा शेळ्या. बाहेर चुलीसाठी आडोसा. सोलरचे दोन दिवे. मोबाईलला रेंज फक्त एका खडकावर, आणि तिथंही उभं राहूनच. खोलीच्या खालच्या अंगाला बांधाच्या आड तंबू लावायची जागा. गौताळा अभयारण्याची हद्द तिथून जवळ आहे, पण ही जमीन दादांच्या वडिलांच्या नावावरची. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही आणि जाळ तर अजिबातच करता येत नाही. हे दादांनी आल्या आल्या सांगितलं आणि हद्दीचा दगड बोटानं दाखवून ठेवला.

भाच्याला तंबू अगदी कड्याच्या धारेवर लावायचा होता. सकाळी डोळा उघडला की समोर खानदेश दिसावा, अशी त्याची इच्छा. दादांनी नको म्हटलं नाही. त्याच्याबरोबर गेले, एक खुंटी हातात घेतली आणि जमिनीवर ठोकून दाखवली. चार बोटं मुरूम, खाली अख्खा काळा पाषाण. खुंटी टण्णकन वाजून वाकली. "इथं दोऱ्या दगडाला बांधाव्या लागतात," ते म्हणाले, "आणि मध्यरात्रीनंतर वारा फिरतो. संध्याकाळी लागतो तो नव्हं, दुसराच." शेवटी तंबू बांधाच्या आड उभा राहिला. दोऱ्या बांधायला तिथं आधीच गोल दगड रांगेनं मांडून ठेवलेले होते. कितीतरी तंबूंच्या दोऱ्यांनी त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

मी तिथं का गेले, ते सांगायला हवं. मला गडकिल्ल्यांचा नाद नाही. पन्नाशी गाठेपर्यंत कधी तंबूत झोपलेही नव्हते. पण माझं सगळं बालपण पूर्णेच्या काठचं. पूर्णा ही कन्नड तालुक्यातल्या अजिंठ्याच्या डोंगरात, मेहूणच्या बाजूला उगवते. पुढे बुलढाण्यात तिला खडकपूर्णा म्हणतात, मग ती परभणीत येते, जिंतूर तालुक्यात येलदरीला अडते, आणि अखेर गोदावरीला मिळते. येलदरीचं धरण १९६८ साली पुरं झालं. माझ्या आईचं माहेर त्या धरणाच्या पाण्यात गेलं. आई तेव्हा सोळा वर्षांची. गाव उठलं, वर माळावर नवं बसलं, त्यालाही जुनंच नाव दिलं. आई मात्र आजही माहेर म्हणते ते पाण्याखालच्या गावाला. १९७२च्या दुष्काळात तिनं त्या नव्या गावाजवळच्या रस्त्यावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. तोवर धरण पुरं होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. ती गोष्ट ती एका दमात सांगते: आधी पाणी आलं, मग पाणी गेलं.

नदी सुरू कुठं होते हे बघायचं माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावर मी शेकडो वेळा ती रेघ ओढली आहे. गोदावरी काढायची, मग वरून पूर्णा, मग तिला मिळणारी दुधना. खडूनं रेघ जिथं टेकवायची तिथं एक टिंब द्यायचं आणि लिहायचं, 'उगम, अजिंठा डोंगर'. मुलं वहीत उतरवून घ्यायची. त्या टिंबाच्या जागी काय असतं, कोण राहतं, तिथं प्यायला पाणी असतं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही मनाशी विचारलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी दादांनी ते टिंब मला छपरावर दाखवलं.

चहा झाला होता. ऊन उतरलं होतं. मी विचारलं, इथून पूर्णेकडं कुठलं पाणी जातं? मला वाटलं, एखादा ओढा दाखवतील. त्यांनी मान वर करून छपराकडं पाहिलं. "हे पाखं आहे ना, दारावरचं, हे तुमचं. ह्याच्यावर पडलेलं सगळं पाणी अंगणात, अंगणातून खालच्या वावरात, तिथून नाल्यात, नाला पूर्णेला. आन् मागचं पाखं खानदेशाचं. त्याचं पाणी मागं पडलं की दीडशे पावलं जातं आन् कड्यावरून खाली."

मी फिरून मागं गेले. खरंच, मागच्या बाजूला जमीन किंचित उत्तरेकडं झुकलेली होती. डोळ्यांना पटकन कळू नये इतकीच. वाळलेल्या कुसळीच्या गवतात पावसाळ्यातल्या पाण्याच्या बारीक वाटा अजून दिसत होत्या, सगळ्या कड्याकडं जाणाऱ्या. तिथून ते पाणी गिरणेला, गिरणेतून तापीला, तापीतून सुरतेपाशी अरबी समुद्राला. आणि दारापुढचं पूर्णेतून गोदावरीला, नांदेडवरून, तेलंगणातून, राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागराला. एका खोलीचं छप्पर, मधला पत्र्याचा आढ्याचा तुकडा, आणि तिथं पडलेल्या दोन शेजारच्या थेंबांची तोंडं दोन समुद्रांकडं. मी वर्गात 'जलविभाजक' हा शब्द लिहून त्याची व्याख्या पाठ करून घेतली आहे. या छपराखाली मुलांना आणून उभं केलं असतं, तर व्याख्या लागली नसती.

मग मला मागच्या पन्हळीखाली निळा ड्रम दिसला. पुढं, अंगणात, ड्रम नव्हता. मी म्हटलं, दादा, ड्रम मागं का? अंगणात सोयीचा पडला असता, रोज वळसा घालायचा त्रास वाचला असता.

उत्तर वहिनींनी दिलं. चुलीपुढूनच, मान न वळवता. "पुढचं पाणी आपल्याच रानात मुरतं ना ताई. खाली आपल्याच विहिरीला येतं. मागचं तर जातंच. जे जाणार आहे ते धरून ठेवायचं."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. धरणं, बंधारे, गाळमुक्तीच्या योजना यांवर मी बरंच ऐकलं आहे, वाचलं आहे. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, हेही मला पाठ आहे. पण दोन पाख्यांपैकी ड्रम कुठल्या पाख्याखाली ठेवायचा याचा इतका नेमका विचार मी आजवर कुणाकडून ऐकला नव्हता.

त्या माथ्यावर पाणी का थांबत नाही, ते दगडच सांगतो. ही सगळी लाव्हाची जमीन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले. एक थर अखंड काळा पाषाण, घणालाही दाद न देणारा. त्याच्या वर-खाली भुसभुशीत, भोकाभोकांचा थर, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. मध्येच कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा. पाषाणातून पाणी जात नाही, मांजऱ्यातून जातं. म्हणून पाऊस माथ्यावर पडतो, फटींतून थोडा आत शिरतो, पाषाण लागला की आडवा सरकतो आणि डोंगराच्या कुशीत जिथं थर उघडा पडला असेल तिथं झिरपून बाहेर येतो. पितळखोऱ्याला, अजिंठ्याला, घटोत्कचला ज्यांनी लेणी कोरली त्यांना हे ठाऊक असणारच. लेण्याशेजारी पाण्याचं टाकं कुठं खोदायचं हे त्यांना दगडानंच सांगितलं असेल. दादांचा झिरा अगदी तसाच. खोलीपासून पंधरा मिनिटं खाली, पूर्णेच्या अंगाला, एका कातळाच्या ओठाखाली. करंगळीएवढी धार. खाली दगडाचं कोंडाळं, त्यावर सीताफळीच्या फांद्या टाकून ठेवलेल्या, वानरांनी हात घालू नयेत म्हणून. डिसेंबरात एक घागर भरायला अकरा मिनिटं लागतात. भाच्यानं मोबाईलवर वेळ लावून पाहिली. फेब्रुवारीत तासभर लागतो म्हणे, आणि होळीनंतर नुसता ओला डाग उरतो. मग तांड्याच्या विहिरीवरून मोटारसायकलला दोन्ही अंगांनी कॅन बांधून पाणी वर आणायचं. पाहुणे असतील तर दिवसाला दोन खेपा.

अकरा मिनिटं मी त्या धारेपुढं बसून होते. घागरीत पाणी पडण्याचा आवाज आधी पोकळ, मग जाड, मग अगदी गळ्याशी आल्यावर बारीक होत जातो. दादांची धाकटी मुलगी बरोबर आली होती, तिसरीतली. ती घागरीकडं बघतच नव्हती, बाभळीवरच्या सरड्याशी खेळत होती. आवाज बारीक झाला तशी वळली आणि घागर बाजूला घेतली. एक थेंब बाहेर सांडला नाही. येलदरीला माझा मामा सांगायचा, धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा कोसभर ऐकू येतं. ते सगळं पाणी इथं या मुलीच्या कानापुरतं होतं.

रात्री जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. कळण्याची भाकरी खरं तर खानदेशातली. पण या काठावर जेवणही दोन्ही पाख्यांचं आहे. वहिनी मुलीशी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत, आणि शेळ्यांशी कुठल्या भाषेत ते मला कळलं नाही. चूल पऱ्हाट्यांवर चालली होती. पऱ्हाटीचा जाळ भडकन होतो आणि लगेच बसतो, त्यामुळं कुणीतरी सतत एकेक काडी सारावी लागते. ते काम दादा करत होते, आणि काड्या सारता सारताच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

ते दोघं नऊ वर्षं ऊसतोडीला जात होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल द्यायचा, आणि उचल घेतली की कोयता बांधला गेला. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोधड्या, शेळी असेल तर शेळी, आणि लेकरं. कारखान्याच्या फडात पाचटाची कोपी घालायची. आत वाकूनच शिरायचं आणि वाकूनच राहायचं. पहाटे तीनला उठून फडात. बापे तोडायचे, बाया मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. मार्च-एप्रिलात परत यायचं तेव्हा उचल फिटली तर फिटली, नाही तर पुढच्या वर्षाला बांधलेलंच. थोरली मुलगी अशी चार हिवाळे शाळेबाहेर राहिली. हंगामी वसतिगृहात एक वर्ष ठेवली, तिथं तिचं मन लागलं नाही. एकदा वहिनींचा पाय मोळीखाली मुरगळला, तरी दुसऱ्या दिवशी फडात उभं राहावं लागलं. गैरहजेरीचे पैसे मुकादम कापून घेतो, खाडा म्हणतात त्याला. हे दादांनी सांगितलं तेव्हा वहिनींनी नुसतं पायाच्या घोट्याला हात लावला, जसा आपण पाठ झालेल्या जागेला लावतो.

"वेळ कशी कळायची तीनची?" भाच्यानं विचारलं.

दादा उठले. त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. मीही गेले. त्यांनी पूर्वेला बोट केलं. मृगाचं नक्षत्र वर चढून आलं होतं, तीन तारे तिरपे एका रेघेत. "तिकांडं. या दिवसांत डोक्यावर आलं की मध्यरात्र. तिथून कलून तिकडं, अर्ध्यात गेलं, की मुकादमाची हाक आली म्हणून समजा." मी व्याधाचा तारा दाखवला, त्याच्या खाली दक्षिणेला नुकता वर येऊ लागलेला अगस्त्य दाखवला. त्यांनी नावं नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "आमाला तेवढं तिकांडंच बघायला वेळ मिळायचा."

उत्तरेला, कड्याच्या खाली, खानदेशातल्या गावांचे दिवे पसरले होते. ते हाताच्या बोटांनी गावं मोजत होते, हे चाळीसगावकडचं, हे पाचोऱ्याकडचं. २०२१ च्या ऑगस्टच्या अखेरीला एका रात्री इतका पाऊस पडला की खोलीच्या मागचं गवत सगळं आडवं झालं होतं, म्हणाले. सकाळी रेंजच्या खडकावर उभं राहिल्यावर कळलं की कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात पाणी शिरलं. "याच डोंगराचं पाणी. इथं आमाला उन्हाळ्यात तांब्याला मिळत नाही, आन् खाली लोकांच्या घरात गेलं." त्यांच्या आवाजात अपराध्यासारखं काहीतरी होतं. जणू त्यांच्या मागच्या पाख्यानंच ते खाली सोडलं होतं.

खोलीची गोष्ट त्यातूनच निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, सगळं बंद असताना, दोघं फडातून परत आले ते पुन्हा गेलेच नाहीत. माथ्यावरच्या वडिलोपार्जित तीन एकरांत पाऊस झाला तर बाजरी, मका होते, नाही तर तेही नाही. शहरातली पोरं जवळच्या अंतूर गडाला जाता-येता या बांधावर तंबू लावायची, पाणी मागायची. एकानं पैसे दिले. दादांना ते घ्यायला संकोच वाटला, पाण्याचे पैसे कसे घ्यायचे? वहिनींनी म्हटलं, पाण्याचे नका घेऊ, भाकरीचे घ्या. मग एक हिवाळाभर दोघांनी दगड गोळा करून या भिंती रचल्या. आता जेवण, चहा, नाश्ता मिळून माणशी सातशे रुपये. शनिवार-रविवारी माणसं येतात, हिवाळ्यात आणि पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कुणी नाही. उसाच्या उचलीपेक्षा पैसे कमीच पडतात, ते दादांनी हिशेब करून सांगितलं. पण थोरली आता कन्नडला दहावीला आहे आणि धाकटीला कोपी आठवतही नाही.

मी काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहकाऱ्यांबरोबर दुसऱ्या एका ठिकाणी अशाच मुक्कामाला गेले होते. आयोजक शहरातले. रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर, सकाळी गवतात प्लास्टिकच्या प्लेटा. जेवण रांधणाऱ्या बाया दिवसाच्या मजुरीवर खालच्या गावातून आणलेल्या, त्यांना आम्ही नावही विचारलं नव्हतं. तिथंही तारे होते, थंडी होती, कडा होता. आल्यावर मी सगळ्यांना छान झालं म्हणून सांगितलं. आता मला ते सांगायला जमणार नाही. डोंगरावर मुक्काम करायचा तर मी आधी एवढं विचारीन की आमच्या मुक्कामानं तिथलं कोण तिथं राहू शकतं. माथ्यावरून पाणी जातं, माती जाते, आणि दसरा झाला की माणसं जातात. आपण शहरातून दोन दिवस तिथं राहायला जातो ते कुणाच्या तरी बाराही महिने राहण्याच्या आधारावर. हे मला आता इतकं स्पष्ट दिसतं की त्याशिवायचा मुक्काम मला मुक्काम वाटत नाही.

रात्री वारा खरंच फिरला. दोनच्या सुमाराला तंबूचं कापड एकदम आतल्या अंगाला फुगलं, थंडी खालून, जमिनीतून वर आल्यासारखी. भाचा गोधडी घेऊन खोलीत आला आणि माझ्या शेजारी पडला. लहानपणी पडायचा तसाच, पाय पोटाशी घेऊन. कुडाच्या पलीकडं शेळ्यांचा रवंथ चालू होता. एक मऊ, दळल्यासारखा आवाज. मग तो एकाएकी थांबला. अकराच्या अकरा शेळ्या उभ्या राहिल्या, हे मला खुरांच्या आवाजावरून कळलं. बाहेरचा कुत्रा न भुंकता दाराशी येऊन अंग घासू लागला. दादांनी उठून त्याला आत घेतलं, दाराला आडणा लावला. "बिबट्या आसंल," अगदी हळू म्हणाले, "झिऱ्यावर येतो पाण्याला. झोपा तुम्ही." २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात आला होता. तो विचार माझ्या मनात आला, पण भीती अशी वाटली नाही. करंगळीएवढ्या त्या धारेला दिवसा आम्ही होतो, रात्री तो होता. फांद्या बाजूला सारून प्यायला असेल का, एवढंच मनात येत राहिलं. बऱ्याच वेळानं एक शेळी बसली, मग दुसरी, मग रवंथ पुन्हा सुरू झाला, आणि मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी अंतूर पाहून आलो. निजामशाही काळातला गड. मूळ पठारापासून कातळात खोदलेल्या खंदकानं तोडून काढलेला. एकामागं एक दरवाजे, फारसी शिलालेख, आत तलाव. वाटेत चार बाजूंना फारसी अक्षरं कोरलेला मैलाचा दगड लागतो, वाटसरूंना दिशा दाखवणारा. भाचा तिथं फार रमला. मला मात्र गडावरचं तळंच जास्त वेळ बघावंसं वाटलं. ज्यांनी एवढा कातळ फोडून खंदक काढला, त्यांनाही माथ्यावर राहायचं तर पाणी आधी धरून ठेवावं लागलं होतं.

परत आलो तेव्हा माझे मोजे कुसळांनी भरले होते. कुसळ एका अंगानंच आत जातं, उलटं ओढलं की मोडतं. धाकटीनं माझा पाय मांडीवर घेतला आणि एकेक कुसळ पुढच्या बाजूनं ओढून काढू लागली, सगळी काढेपर्यंत उठली नाही. काढलेली कुसळं ती जमिनीवर टाकत नव्हती, चुलीत टाकत होती. "शेळ्यांच्या तोंडात जातात," म्हणाली.

निघायच्या सकाळी मी रिकामी झालेली पाण्याची बाटली घेऊन झिऱ्यावर गेले. भरायला फार वेळ लागला नाही, लिटरभरच तर होती. वहिनींनी पिशवीत बोरं आणि बाजरीच्या दोन भाकरी बांधून दिल्या. मी पैसे दिले तेव्हा दादांनी मोजले नाहीत, वहिनींनी मोजले आणि पन्नास रुपये परत केले. भाचा रात्री खोलीत झोपला म्हणून तंबूच्या जागेचे घ्यायचे नाहीत, असं म्हणाल्या. मी ते घेतले. घ्यायलाच हवे होते.

परभणीला पोचले तेव्हा आई जागीच होती. प्रवास कसा झाला हे तिनं विचारलं नाही, बाटली बघून विचारलं, "हे कुठलं?"

मी सांगितलं. पूर्णा सुरू होते त्या डोंगरातलं, पूर्णेच्या अंगाचं. एका घराच्या छपराचं अर्धं पाणीही पुढं तुमच्या गावावरून जातं, तेही सांगितलं. तिनं बाटली दिव्यासमोर धरून बघितली, गाळलंय का विचारलं. मग तांब्याच्या भांड्यात थोडं ओतून घेतलं आणि उभ्यानंच प्यायली. बराच वेळ काही बोलली नाही.

"आमच्या घाटावर असंच लागायचं," म्हणाली. उरलेलं तिनं बाटलीत राहू दिलं, झाकण घट्ट फिरवलं आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर उभं करून ठेवलं.